दूरची धुराडी, मावफ्लांगचे रान



मेघालयात शिलाँगपासून सुमारे २५ किलोमीटरवर मावफ्लांग नावाचे गाव आहे. तेथील देवराईतून वाळलेले पानही बाहेर न्यायचे नाही, असा खासी समाजाचा दंडक. सह्याद्रीतील देवराया पाहिलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. परंतु देवराईच्या सीमेबाहेरचे रान वणवे, कोळशाच्या भट्ट्या, दगडखाणी आणि सरपणाची तोड यांनी झिजत चालले होते.

२०११ च्या सुमारास १० 'हिमा', म्हणजे खासींच्या पारंपरिक राज्यसंस्था, एकत्र आल्या आणि ६२ गावांनी मिळून सुमारे २७,००० हेक्टर क्षेत्र राखण्याचे मनावर घेतले. वणव्याचा हंगाम येण्यापूर्वी जाळरेषा काढल्या गेल्या, कमी सरपणाच्या चुली घरोघरी आल्या, मोकाट चरणाऱ्या शेळ्यांऐवजी डुकरे व कोंबड्या पाळल्या जाऊ लागल्या. मुख्य भर होता तो तुटलेल्या बुंध्यांना आपोआप फुटवा येऊ देण्यावर. (वृक्षारोपणाच्या छायाचित्रांची हौस असणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.)

याचा खर्च भागतो तो असा. रानाने शोषलेल्या, अथवा तोड टळल्याने हवेत न गेलेल्या कर्बवायूची मोजदाद होते. एका टनामागे एक प्रमाणपत्र. दूरदेशीची कंपनी ते विकत घेते आणि स्वतःच्या धुराच्या हिशेबातून तेवढी वजावट करते. या प्रकल्पाने स्वीकारलेल्या 'प्लॅन विवो' मानकानुसार विक्रीची किमान ६० टक्के रक्कम गावकऱ्यांकडे जावी लागते.

मेख आहे ती 'टळलेल्या तोडी'च्या मोजमापात. न घडलेली गोष्ट मोजायची कशी? अखेर तो अंदाजच. झिंबाब्वेतील करिबा प्रकल्पात हा अंदाज भरमसाट फुगवला गेल्याचे आरोप झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये 'साऊथ पोल' या स्विस कंपनीने त्यातून अंग काढून घेतले. तोवर नामांकित कंपन्यांनी तेथील प्रमाणपत्रे घेऊन आपण हवामानस्नेही असल्याचे सांगितले होते. धुराडी अर्थातच चालू होती.

अशा वार्तांनी साऱ्याच प्रमाणपत्रांविषयी बाजारात संशय पसरतो आणि त्याची झळ प्रामाणिकपणे राबणाऱ्या गावांनाही लागते. कोळसा पाडणे सोडलेल्या कुटुंबाला पर्यायी मिळकत दरवर्षी हवी असते. कंपनीची खरेदी दरवर्षी होईलच, असे नाही. ती थांबली, तर भट्टी पुन्हा पेटवायची की नाही, याचा निवाडा हिमाच्या दरबारालाच करावा लागेल.