नवशिक्याची गळदोरी



खानदेशात बसून समुद्रावरच्या गळाची गोष्ट कशाला, असे काहींना वाटेल. पण आपली तापी सुरतेपलीकडे समुद्रालाच मिळते, आणि आपली मुले सुट्टीत किंवा नोकरीधंद्यासाठी कोकणात जातात.

रावेर तालुक्यातल्या माझ्या एका विद्यार्थ्याने केळी कापणीला जाऊन दोन हजार रुपये साठवले. कोकणात मावशीकडे जाताना त्याने त्या पैशांची झकपक काठी आणि चक्री घेतली. परतला तो हिरमुसून. "सर, मासा मोठा होता हो, पण गाठच सुटली!" शिवाय चक्री दोन दिवसांत करकरू लागलेली. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. कोणी नीट सांगितलेच नव्हते.

म्हणून आज एकच गोष्ट सांगतो. पैसा खर्च करताना माशाकडून हाताकडे या. आधी गळ, मग दोरी, मग वजन, आणि शेवटी काठी. दुकानात आपण नेमके उलटे करतो, कारण काठी डोळ्यांत भरते.

गळाचे टोक नखावर हळूच टेकवून ओढा. रुतले तर धार आहे, घसरले तर बोथट. साध्या गळांत आकडा जितका मोठा तितका गळ लहान. ८ नंबरपेक्षा १२ नंबर बारीक. खाऱ्या पाण्यासाठी कथिलाचा मुलामा दिलेला गळ घ्यावा, साधा लोखंडी लवकर गंजतो.

दोरी नायलॉनची, खाडीकाठच्या लहान माशांना ०.३० मिलिमीटर जाडीची पुरते. उन्हात पडलेले रीळ घेऊ नका; उन्हाने नायलॉन कमजोर होते. आता गाठ. दोरी गळाच्या डोळ्यातून ओवा, टोकाचे मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे द्या, मग ते टोक डोळ्यालगतच्या फटीतून काढा. आवळण्यापूर्वी गाठ ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने तापून दोरी तिथेच दुबळी होते. माझ्या विद्यार्थ्याचा मासा बहुधा इथेच गेला.

वजनाला शिसे वापरतात. शिक्षकबंधूंनो, मुले ते दातांनी दाबतात, ते शरीराला घातक आहे. सायकल दुकानातला लोखंडी नट तेच काम करतो. नदीवर बोया म्हणून ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधला की झाले.

राहिली काठी. सातपुड्यातला भरीव बांबू, दहा-बारा फूट लांब, वाळवलेला. दोरी केवळ शेंड्याला न बांधता बुडाकडून गुंडाळत शेंड्यापर्यंत न्या. शेंडा मोडला तरी मासा हातचा जात नाही. चक्री नाही, म्हणजे बिघडायचेही काही नाही. पुढे चक्री घेतलीतच, तर समुद्रावरून आल्यावर ती रोज गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा आणि तेलाचा थेंब द्या. मीठ राहिले की धातू खाल्ला जातो.

सराव मात्र आपल्या नदीवरच करा. धरणावर मासे धरण्याचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो; आधी विचारावे. हतनूरचे दरवाजे उघडल्याचा इशारा असेल तेव्हा तापीच्या पात्रात उतरू नये. विजेच्या तारांखाली लांब काठी उचलू नये; ओला बांबूही झटका देतो. शिंगाळा लागला तर त्याच्या काट्यांना हात लावू नये, नदीतला असो वा खाडीतला. पावसाळा हा पुष्कळ माशांच्या विणीचा काळ, तेव्हा अंड्यांनी भरलेली मादी सोडून द्यावी. आणि तुटलेली दोरी काठावर टाकू नये. हिवाळ्यात हतनूरच्या जलाशयावर दुरून पक्षी येतात. त्यांच्या पायांत ती अडकली की सुटत नाही.

तो विद्यार्थी आता बांबूच घेऊन नदीवर जातो. परवा वर्गाबाहेर उभा राहून दोरीच्या तुकड्यावर गाठ मारत होता. मी पाहिले, तर आवळण्याआधी त्याने ती ओली केली होती.