पाचवे घर रिकामे

(शारदीय व्याख्यानमाला, नाचणगाव, अष्टमीच्या सायंकाळी दिलेले व्याख्यान)



उद्या खंडेनवमी. कास्तकार नांगर-वखर धुऊन मांडतील, सुतार आपला रंधा मांडील, आणि ज्या थोड्या घरांत परवान्याचे हत्यार आहे तेथे त्यालाही गंध-फूल वाहिले जाईल. या मुहूर्ताला साजेसा विषय म्हणून मी जेव्हा ‘आखूड नळीचे, मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर’ असे व्याख्यानमालेच्या चालकांना कळविले, तेव्हा ज्या जिल्ह्यात गांधीजींचे सेवाग्राम आहे आणि विनोबांचे पवनारही आहे, त्या जिल्ह्याच्या व्यासपीठावर हे शोभेल काय, अशी त्यांना शंका आली, आणि ती रास्तच होती. परंतु ज्या गावाच्या शेजारी पुलगावचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार पसरलेले आहे, आणि ३१ मे २०१६ च्या मध्यरात्री त्या भांडारातील आगीने अधिकारी, जवान व अग्निशामक कर्मचारी यांचे बळी घेतले असता आसपासच्या वस्त्यांतील माणसे घरेदारे सोडून बाहेर पडली, त्या गावाला दारूचा स्वभाव मी नव्याने सांगावा अशी स्थिती नाही. भांडाराचा भार सरकार वाहते. मी बोलणार आहे ते एका माणसाच्या कमरेला मावणाऱ्या हत्याराविषयी, ज्याचा भार त्या एकट्या माणसालाच वाहावा लागतो.

माझे आजोबा याच मुलखातील एक लहानसे मालगुजार होते. कापूस पुलगावच्या बाजारात घालून रोकड घेऊन रात्री दमणीने परतावे लागे, म्हणून इंग्रजी अमदानीत त्यांनी अर्ज-विनंत्या करून रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळविला होता. ते हत्यार बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याने १८७२ च्या सुमारास प्रचारात आणलेल्या ‘बुलडॉग’ जातीचे होते: अडीच इंचांची नळी, पोपटाच्या चोचीसारखी वळलेली आखूड मूठ, पाच घरांचे चक्र आणि बोअर ४४२, म्हणजे करंगळीचे टोक सहज आत शिरावे एवढे तोंड. याच जातीच्या आणि याच बोअरच्या हत्याराने अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी गोळी झाडली गेली, आणि अस्वच्छ बोटांनी व सळयांनी गोळीचा शोध घेणाऱ्या वैद्यांच्या उपचारांत अडीच महिने खितपत पडून ते वारले. कोटाच्या खिशात मावावे आणि तरीही जवळच्या माणसाला एका गोळीत खाली पाडावे, हा या घडणीचा उघड हेतू होता.

खंडेनवमीला आजोबा ते पेटीतून काढीत, बाजूची झडप उघडून चक्र एकेक घर फिरवीत, आणि आम्हा मुलांकडून मोठ्याने मोजून घेत. घरे पाच असत, पण काडतुसे नेहमी चारच निघत. घोड्याखालचे पाचवे घर ते बाराही महिने रिकामे ठेवीत. कारण साधे होते. त्या जुन्या घडणीत घोड्याचे नाक थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेले असे. हत्यार हातातून निसटून फरशीवर घोड्याच्या बाजूने आपटले तर चापाला बोट न लागताही बार उडे. नव्या रिव्हॉल्व्हरांत घोडा आणि टोपी यांच्यामध्ये अडसर बसविलेला असतो. जुन्यात तो अडसर मालकाच्या बुद्धीत असावा लागे. पाच गोळ्यांचे हत्यार विकत घेऊन त्यातील एक आपण होऊन सोडून देणे, हा त्या शस्त्राच्या मालकीचा पहिला पाठ मी असा बोटांवर शिकलो.

दुसरा पाठ नदीकाठी मिळाला. मी मॅट्रिक झालो त्या वर्षी आजोबांनी मला वर्धा नदीच्या निर्मनुष्य वाळवंटात नेले आणि दहा पावलांवर, मागे मातीची उंच दरड पाहून, एक मडके पालथे घातले. (दुसऱ्याच्या परवान्यावर अशी नेमबाजी करणे कायद्याला मान्य नाही, तो दोष आमचा होता आणि मी तो येथे कबूल करतो.) पहिला बार उडाला तेव्हा तळहातावर कोणी मुसळ मारावे तसा धक्का बसला, नळी आभाळाकडे गेली आणि मडके जसेच्या तसे राहिले. दुसरी गोळी मडक्याच्या अलीकडे वाळूत शिरली, तिसरीही तेथेच. मी हत्याराला दोष देऊ लागलो. तेव्हा आजोबांनी ते माझ्याकडून घेतले, पुन्हा चार काडतुसे भरली, माझ्याकडे पाठ करून चक्र फिरविले, आणि रिकामे घर कोठे आहे हे न सांगता परत माझ्या हाती दिले. मी एक बार काढला. पुन्हा चाप ओढला, आणि या वेळी नुसता ‘खट्’ असा आवाज झाला. धक्का मुळी नव्हताच. तरीही नळीचे तोंड दोन बोटे खाली गेलेले आम्हा दोघांनाही स्वच्छ दिसले. न आलेल्या धक्क्याला माझा हात आधीच भ्याला होता. गोळ्या वाळूत का जात होत्या, ते चार भरलेल्या घरांनी मला सांगितले नव्हते. ते त्या एका रिकाम्या घराने दाखविले.

या भीतीला पदार्थविज्ञानाचा आधार आहे, तो थोडक्यात सांगतो. गोळी पुढे जाताना जेवढा संवेग घेते, तेवढाच हत्यार मागे घेते. म्हणून तेच काडतूस निम्म्या वजनाच्या हत्यारातून उडविले तर हत्याराचा मागे येण्याचा वेग दुप्पट होतो आणि धक्क्याची ऊर्जाही दुप्पट. लष्करातले वेब्ली रिव्हॉल्व्हर, सहाव्या आवृत्तीचे, सुमारे १.१ किलो वजनाचे होते आणि सतरा ग्रॅमांची गोळी टाकी, तेव्हा ते वजन सैनिकाच्या कमरेला जाच वाटले तरी त्याच्या मनगटाला आशीर्वाद होता. १९७३ साली अमेरिकेत चार्टर आर्म्स कारखान्याने ‘बुलडॉग’ हे जुने नाव पुन्हा घेऊन ४४ बोअरचे जे पाचघरी रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, ते जवळजवळ त्याच्या निम्म्या वजनाचे आहे. वाहून नेणाऱ्याला त्याचे जेवढे सुख, तेवढाच ते चालविणाऱ्याला ताप. दुसरी गोष्ट नेमाची. पुढची माशी आणि मागची खाच यांत वीस सेंटिमीटर अंतर असेल आणि हात एक मिलिमीटर ढळला, तर दहा मीटरांवर गोळी पाच सेंटिमीटर चुकते. तेच अंतर दहा सेंटिमीटर असेल तर चूक दहा सेंटिमीटरांची होते. त्यातच घोडा आधी न चढविता नुसता चाप ओढून बार काढायचा, तर बोटाला हत्याराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो, आणि तो जोर नळीला हलविल्यावाचून राहत नाही. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, ते २२ बोअरच्या, अडीच-पावणेतीन ग्रॅमांच्या गोळीने. नेमबाजीच्या शिखरावर जे बसले आहेत त्यांनी हलकी गोळी आणि स्थिर हत्यार निवडावे, आणि ज्याने वर्षाकाठी दहा बारही काढलेले नाहीत अशा गृहस्थाने जड गोळीचे हलके हत्यार मागावे, या विसंगतीत माणसाच्या मनाचे एक रहस्य आहे: हत्याराचे लहानपण त्याला सोय वाटते, गोळीचे मोठेपण त्याला धैर्य वाटते, आणि दोहोंची किंमत आपल्या सरावाने भरावी लागते हे त्याला बार उडेपर्यंत कळत नाही.

आता कायद्याकडे वळतो. १८७८ च्या हत्यारबंदी कायद्याने हिंदी रयतेला परवान्याच्या दारात उभे केले आणि गोऱ्यांना सूट दिली. तो अपमान एवढा खोल होता की, अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही जानेवारी १९३० मध्ये सरकारपुढे ठेवलेल्या अकरा मुद्द्यांतील अखेरचा मुद्दा, लोकांच्या नियंत्रणाखाली आत्मसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने द्यावेत, असा होता. पुढल्या वर्षी कराची काँग्रेसने शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, मूलभूत हक्कांत नोंदविला. परंतु डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातून घटना समितीवर गेलेल्या हरि विष्णु कामथ यांनी तोच हक्क राज्यघटनेत घालण्याची उपसूचना मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विकत घेण्याचा हक्क प्रत्येकाला दिला तर राज्य चालणार कसे, असा त्यांचा प्रश्न होता. आणि आग्रह धरायचाच तर व्यक्तीच्या शस्त्र धरण्याच्या हक्काचा न धरता तिच्या शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा, असे त्यांनी सुचविले. उपसूचना फेटाळली गेली. मला त्या वादात आजोबांचे पाचवे घर दिसते: जेथे एक हक्क भरता आला असता, तेथे घटनाकारांनी जाणूनबुजून एक जागा रिकामी ठेविली.

त्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या व्यवस्थेत ३८० व ४५५ बोअरची लष्करी काडतुसे ज्यांत बसतात अशी रिव्हॉल्व्हरे व पिस्तुले निषिद्ध बोअरमध्ये मोडतात; त्यांची परवानगी जिल्ह्याच्या दफ्तरी मिळत नाही, ती केंद्र सरकारच्या अखत्यारीत असते. सामान्य अर्जदाराच्या वाट्याला येते ते ३२ बोअर. त्याच मापात कानपूरच्या आयुध कारखान्याने २०१४ च्या आरंभी स्त्रियांच्या संरक्षणाचे नाव घेऊन सुमारे पाचशे ग्रॅमांचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर काढले, आणि त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. ज्या स्त्रीला रात्रपाळीहून पायी परतावे लागते तिच्या संरक्षणाचा प्रश्न त्या किमतीने सोडविला नाही, हे सांगण्यास शस्त्रशास्त्र लागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानेदाराला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतील असे ठरविले आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. मुदत संपली की नूतनीकरण, निवडणूक आली की ठाण्यात जमा, धनी वारला की वारसाने नव्याने अर्ज: हे सोपस्कार जाचक आहेत अशी परवानेदारांची तक्रार मी पुष्कळ ऐकली आहे. परंतु जे हत्यार एका क्षणात कायमचे नुकसान करते, त्याच्या मालकाला सरकारने पाच वर्षांतून एकदा समोर उभे करून ‘तू अजून तोच आहेस काय?’ असे विचारले, तर त्यात अन्याय तो कोणता?

आमच्या हत्याराचे पुढे काय झाले, हे ऐकण्याची तुम्हांला उत्सुकता असेल. १९५१ साली मालगुजारी गेली, रोकड घेऊन रात्री फिरण्याचे कारण गेले, आणि ४४२ बोअरची काडतुसेही बाजारातून नाहीशी झाली. मे १९६० मध्ये विनोबांपुढे चंबळच्या खोऱ्यातील वीस डाकूंनी बंदुका ठेवल्याची बातमी आली, तेव्हा आजोबा अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी ती मला दोनदा वाचावयास लावली, आणि मग म्हणाले, ‘‘डाकूनं ठेवली, आता मालगुजारानं ठेवायला काय हरकत आहे?’’ दुसऱ्याच दिवशी त्यांनी रिव्हॉल्व्हर माझ्या वडिलांबरोबर ठाण्याच्या मालखान्यात पाठविले. त्याची पावती अजून माझ्यापाशी आहे: कागद पिवळा पडला आहे, ठाणेदारांची सही पुसट झाली आहे, आणि ‘काडतुसे’ या रकान्यात ‘चार’ असे लिहिले आहे.

मी शस्त्राचा द्वेष शिकविण्यास आलो नाही. ज्याला खरी गरज आहे, त्याने रीतसर परवाना घ्यावा, हत्यार चालविणे शिकून घ्यावे, सरावाच्या मैदानावर हात स्थिर होईपर्यंत घाम गाळावा, हत्यार आणि काडतुसे निरनिराळ्या कुलपांत ठेवावीत, आणि घरातल्या मुलाला किल्लीची जागा कळू देऊ नये. ज्याची गरज सरली आहे, त्याने प्रतिष्ठेपायी ते भिंतीवर टांगून न ठेवता सरकारजमा करावे. आणि उद्या सकाळी ज्यांच्या घरी हत्याराची पूजा होईल, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, हळद-कुंकू लावण्यापूर्वी चक्र उघडून सगळी घरे मोठ्याने मोजा, आणि उद्याच्या दिवशी ती सगळीच रिकामी असू द्या.