घटना आणि तिची वाट पाहणारे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



संगणकशास्त्रातील एखादा विषय सर्वांना समजेल अशा भाषेत मांडावा, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. विषय थोडा रुक्ष आहे. परंतु त्याचा आरंभ मला आपल्या या जयपुरातच सापडतो.

सवाई जयसिंहांच्या पदरी जगन्नाथ सम्राट या नावाचे एक महाराष्ट्रीय पंडित होते. टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ आणि युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणली. त्यांच्याच काळात उभ्या राहिलेल्या येथील जंतरमंतरातील सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच आहे. त्याची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. पण ते यंत्र स्वतः कोणाला हाक मारीत नाही. वेळ जाणून घ्यायची, तर माणसाने सावलीवर डोळा ठेवून बसले पाहिजे.

संगणकाची आज्ञावलीही असे बसू शकते. ‘कळ दाबली का? निरोप आला का?’ असे ती क्षणोक्षणी विचारीत राहील. त्यात तिचे सामर्थ्य मात्र व्यर्थ खर्ची पडते.

दुसरी रीत आपल्या जुन्या लग्नघरात होती. घंगाळातील पाण्यावर घटिकापात्र सोडलेले असे आणि एक जण त्यावर लक्ष ठेवी. पात्र बुडाले की तो तेवढे सांगे. मुहूर्ताच्या क्षणी ‘सावधान’ झाले की अंतरपाट दूर होई, वाजंत्री वाजू लागे, अक्षता पडत. घटना एकच; प्रतिसाद मात्र ज्याचा त्याचा. मंगलाष्टके म्हणणाऱ्यास सनईचा राग ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि सनईवाल्यास मंत्र येण्याचेही नाही. संकेत कोणता, एवढेच दोघांत ठरलेले असते.

संगणकाच्या भाषेत या प्रतिसाद देणाऱ्यास ‘कॉलबॅक ऑब्जेक्ट’ म्हणतात. तो आधी आपले नाव नोंदवितो. घटना घडली की नोंदीतील प्रत्येकास हाक जाते. ‘सी’ भाषेत यासाठी एखाद्या कृतीचा नुसता पत्ता देत. परंतु ती कृती कोणासाठी करायची, याची आठवण तिला नसे. ती माहिती वेगळी बांधून द्यावी लागे. ऑब्जेक्टमध्ये माहिती आणि कृती एकत्र नांदतात. ही कल्पना नॉर्वेतील डाल आणि निगार्ड यांच्या 1967 मधील ‘सिम्युला’ भाषेत रूपास आली. ‘जावा’ भाषेने 1997 मध्ये घटनांसाठी ‘लिसनर’, म्हणजे श्रोता, ही व्यवस्था स्वीकारली. 1994 मध्ये गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडिस या चौघांनी आपल्या ग्रंथात याच योजनेस ‘ऑब्झर्व्हर’ असे नाव दिले होते.

व्यवस्था सुंदर आहे. पण ती कोठे दगा देते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका रक्तपेढीच्या शीतकपाटासाठी मी आज्ञावली लिहिली होती. रक्त 2 ते 6 अंश सेल्सिअसमध्ये राखावे लागते. पारा 6 च्या वर गेला की नोंदीतील प्रत्येकास क्रमाने हाक जावी, अशी योजना होती: प्रथम डॉक्टर, मग तंत्रज्ञ, शेवटी धोक्याची घंटा. पुढे डॉक्टरांची बदली झाली. नव्या डॉक्टरांचे नाव घातले गेले; जुने काढण्याची सोय मात्र मी केलीच नव्हती. एका रात्री कपाट बिघडले. आज्ञावलीने सर्वप्रथम त्या जुन्या, बंद पडलेल्या क्रमांकावर दूरध्वनी लावला आणि ती उत्तराची वाट पाहत थांबली. ती तेथे अडकली म्हणून मागचे सारे अडकले. घंटा वाजलीच नाही.

रक्त वाचले ते रात्रपाळीच्या एका सेवकामुळे. जाता-येता कपाटावरील तापमापकाकडे पाहण्याची त्याला सवय होती. दोष यंत्राचा नव्हता, रक्तपेढीचाही नव्हता. तो माझा होता.

त्या रात्रीनंतर मी चार नियम पाळीत आलो. नाव नोंदविण्याची सोय देताना ते काढण्याचीही द्यावी. कारण नोंदीत राहिलेला ऑब्जेक्ट निरुपयोगी झाला तरी स्मृतीतील जागा अडवून बसतो. हाक आल्यावर प्रतिसाद थोडक्यात आटोपावा आणि लांबणारे काम वेगळ्या रांगेत टाकावे. एकाच्या अपयशाने दुसऱ्याची हाक अडू नये. आणि हाका चालू असतानाच नोंद बदलण्याचा संभव असतो, म्हणून तिची प्रत काढून त्या प्रतीवरून हाका द्याव्यात.

पाचवी गोष्ट त्या सेवकाने शिकविली. हाकेवर विसंबणाऱ्या व्यवस्थेतही कोणीतरी अधूनमधून स्वतः पाहिले पाहिजे. हाक आली नाही, याचा अर्थ सारे कुशल आहे असा होत नाही. कदाचित हाक मारणाराच थांबलेला असेल. म्हणून आता मी अशा प्रत्येक कामात एक लहानसा पहारेकरी ठेवतो. मुख्य आज्ञावली जागी आहे ना, हे तो ठरावीक वेळाने विचारीत असतो. जंतरमंतरात सावलीवर डोळा ठेवून बसणाऱ्याची रीत आपण जुनी समजतो. तिचे काम अद्याप संपलेले नाही.

आपल्या मंडळाची सभासदांची वहीही अशीच एक नोंद आहे. पन्नास वर्षांत तीत किती नावे आली, किती गावोगाव गेली, किती कायमची अंतरली! ती वही नीट राखणाऱ्यांचे काम व्यासपीठावरून दिसत नाही. परंतु त्यांच्यामुळेच हाक योग्य दारी पोहोचते.