जुनी गाडी आणि नवे इंजिन



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, इतिहासावर, अर्थकारणावर व्याख्याने होतात. तेथे एका कामगार कार्यकर्त्याने मोटारीच्या इंजिनावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यांच्या फाटकांवर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये. पण यंत्रांवर काम करणाऱ्या माणसांत वावरताना जो प्रश्न आम्हांला पुनःपुन्हा भेटला, तो आज या विषयाच्या निमित्ताने आपल्यापुढे मांडावयाचा आहे. एखाद्या ठिकाणी नवी शक्ती आणली, की तिचा भार कोणावर पडतो?

विषय वरकरणी हौसेचा आहे. जुनी, ऐटदार, दोन दारांची मोटार घ्यावयाची, तिचे थकलेले इंजिन उतरवावयाचे आणि त्या जागी आजच्या काळाचे इंजिन घरच्या घरी बसवावयाचे. इंग्लंड-अमेरिकेत हा छंद फार जुना आहे. आपल्याकडे, आपल्या मुळशी तालुक्यातही, तो आहे. हिंजवडीला संगणकाच्या कचेऱ्या झाल्या, पिरंगुटला कारखाने झाले; त्या कारखान्यांतून निवृत्त झालेली फिटर, टर्नर, वेल्डर मंडळी पौड रस्त्याच्या आजूबाजूच्या गावांत राहतात. त्यांच्यापैकी एकाच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तेथे गेले वर्षभर एक हेराल्ड उभी आहे.

हेराल्ड ही मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीची. आपल्याकडे १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड कारखान्यात ती बनू लागली. तिची चौकट, म्हणजे चॅसिस, अंगापासून वेगळी असते आणि पुढचे सबंध तोंड मडगार्डांसह उचलले जाते, त्यामुळे घरी काम करणाऱ्याला ती सोयीची. याच चौकटीला आखूड करून इंग्लंडात १९६२ साली ‘स्पिटफायर’ ही स्पोर्ट्‌स मोटार निघाली. म्हणजे आपली हेराल्ड त्या देखण्या गाडीची थोरली बहीणच म्हणावयाची! तिचे मूळ इंजिन ९४८ सी.सी.चे, शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आत. सुटे भाग मिळत नाहीत. मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात बुधवार-रविवार धुंडाळले, तरी हाती येईल तो तुकडा घासलेलाच असतो. म्हणून आमच्या फिटर मित्राने मोडीत निघालेल्या मारुती जिप्सीचे १२९८ सी.सी.चे इंजिन गिअरबॉक्ससह आणले. त्याची शक्ती ऐंशी अश्वशक्ती, म्हणजे पहिल्याच्या दुप्पट. निवड शहाणपणाची होती. हे इंजिन गाडीच्या लांबीत उभे बसते आणि मागची चाके फिरविते, तशीच हेराल्डची रचना आहे. शिवाय त्याचा ठोकळा ॲल्युमिनियमचा, जुना बिडाचा. त्यामुळे गाडीच्या नाकावर ओझे वाढत नाही.

“आता झालेच की,” असे आम्ही म्हणालो, तेव्हा तो हसून म्हणाला, “अण्णा, इंजिन चार दिवसांत बसतं. गाडी बसायला वर्ष लागतं.”

या एका वाक्यात सगळे शास्त्र आहे. चेनकप्पीने इंजिन उचलून पोकळीत सोडले, की पहिली गाठ पडते ती तळाच्या तेलाच्या भांड्याची. ते पुढच्या आडव्या तुळईला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला टेकते. मग भांडे कापून, नव्याने जोडून, तेल गळत नाही ना हे पाहावे लागते. इंजिनाला धरून ठेवणारे फाउंडेशन नव्याने घडवावे लागते, आणि त्यात रबर हवेच. नाही तर प्रत्येक हादरा चौकटीत उतरतो. गिअरबॉक्सची लांबी बदलली म्हणून मागे जाणारा शाफ्ट कापून जोडायचा. तो लेथवर सरळ करून तोलून घेतला नाही, तर वेग वाढताच सबंध गाडी थरथरते. त्याच्या दोन टोकांचे क्रॉस योग्य कोनात बसले नाहीत, तर ते लवकर खलास होतात. जुन्या कार्बोरेटरला पेट्रोल हलक्या दाबाने पुरत होते. नव्या इंजेक्शनच्या इंजिनाला ते पुष्कळ अधिक दाबाने लागते, म्हणून नवा पंप, नव्या नळ्या, टाकीकडे परतीची वाट. जुनी रबरी नळी तशीच ठेवली तर ती फुटून आग लागावयास वेळ लागत नाही. वर त्या इंजिनाचा विद्युत् मेंदू असतो. त्याला हवेची, उष्णतेची, फिरण्याची खबर देणाऱ्या तारा ओळीने जोडाव्या लागतात. एक तार चुकली की इंजिन मुके.

हे सारे साधले तरी गाडी अजून अपुरीच. आपल्यापैकी पुष्कळांनी छकडा पाहिला आहे. जुन्या छकड्याला तरणीबांड खिल्लारी जोडी जुंपली, तर काय होते? बैल दमत नाहीत, आख मोडतो. मोटारीचेही तसेच. वेग साठ किलोमीटरवरून नव्वदवर नेला, तर तो दीडपट होतो. पण थांबविताना जी ऊर्जा ब्रेकांना जिरवावी लागते, ती सव्वादोन पट होते. ताम्हिणी घाट चढताना इंजिन कामास येते. उतरताना मात्र जीव ब्रेकांच्या हाती असतो. त्यात हेराल्डच्या मागच्या चाकांची रचना अशी, की वळणावर वेगात अंग हलके झाले तर चाक आतल्या बाजूला दुमडू पाहते. मद्रासच्या कारखान्याने पुढे ‘गॅझेल’ काढताना ही रचनाच सोडून दिली आणि अखंड आस घातला. मग अशा गाडीत दुप्पट शक्ती घालणाऱ्याने पुढे डिस्क ब्रेक आणि मागे मजबूत आस न घालता रस्त्यावर यावे काय? आमच्या मित्राचे वर्ष गेले ते या प्रश्नाच्या उत्तरात. इंजिन बदलणे म्हणजे एक भाग बदलणे नव्हे. सर्व भागांचे परस्परांशी असलेले नाते नव्याने जुळविणे होय.

हे काम केवळ शेडमधले हौशी लोक करतात असे नव्हे. इंग्लंडात १९६२ साली निघालेल्या एमजीबी या स्पोर्ट्‌स मोटारीत रोव्हरचे आठ सिलिंडरांचे हलके इंजिन केन कॉस्टेलो नावाच्या गृहस्थाने १९७० च्या सुमारास आपल्या स्वतःच्या कारखान्यात बसवून दाखविले. १९७३ साली खुद्द एमजीने तशीच गाडी बाजारात आणली आणि १९७६ पर्यंत अडीच हजारांहून थोड्या अधिक गाड्या बनविल्या. आपल्याकडे पाहा. अँबॅसडरचे १४८९ सी.सी.चे इंजिन एमजीए या स्पोर्ट्‌स मोटारीच्याच कुळातले. १९५७ पासून चाललेल्या त्या गाडीत विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जपानच्या इसुझूचे १८१७ सी.सी.चे इंजिन आले. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने १९८५ साली फियाट १२४ च्या अंगात निसानचे ११७१ सी.सी.चे इंजिन बसवून ‘११८ एनई’ काढली. जुने अंग, नवे हृदय! कारखान्याने केले तर ते ‘नवे मॉडेल’; शेडमध्ये केले तर ती ‘छेडछाड’. आम्ही कारखान्यांना दोष देत नाही. त्यांच्यापाशी चाचणीची साधने असतात, तपासनीस असतो, आणि चूक झाली तर जाब विचारावयास दार असते. शेडमध्ये कसब असेल, पण दार नाही. भेद आहे तो येथे.

श्रोतेहो, मुळशीकरांना इंजिन बदलण्याची आणखी एक गोष्ट ठाऊक आहे, आणि ती पुष्कळ मोठी आहे. मुंबईच्या गिरण्या वाफेच्या इंजिनांवर चालत. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईस गेली आणि गिरण्यांतील जुन्या यंत्रांना विजेची मोटार लागू लागली. त्या नव्या शक्तीसाठी पुढे मुळशीचे धरण योजले गेले. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालेच, १९२७ साली भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. मुंबईला धुराविना शक्ती मिळाली आणि भार पडला तो मावळातल्या भातखाचरांवर. वीज वाईट होती, असे आम्ही म्हणत नाही. शक्ती आणताना भार वाहणाऱ्यास विचारले गेले नाही, हे दुःख होते. मोटारीत भार आसावर जातो, समाजात तो माणसावर जातो; आणि दोन्हीकडे हिशेब आधी करावयाचा असतो.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे उचलून धरले. १९२१ पासूनचा नव्हे, तर २०२१ सालचा आणखी एक नियम पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना विशेष नोंदणी देतो. पण चौकट, अंग वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्याची अट आहे. म्हणजे आमच्या मित्राची हेराल्ड इंजिन बदलताच या मानालाही मुकली. गंमत अशी, की सीएनजीचा किंवा विजेचा मान्यताप्राप्त संच बसविण्यास त्याच कलमात वाट ठेवली आहे. मुंबईच्या हजारो काळ्यापिवळ्या टॅक्सी अशाच सीएनजीवर आल्या, आणि २०२३ साली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तोवर त्या गॅसवर धावल्या. म्हणजे तपासणी करून बदल मान्य करणे अशक्य आहे, असे नाही.

कायदा कडक का, हेही आपण समजून घेतले पाहिजे. रस्ता एकट्याच्या मालकीचा नाही. पौडच्या एसटी थांब्यावर उभी असलेली म्हातारी, सायकलवरून शाळेत जाणारी मुलगी, यांनी आमच्या मित्राच्या वेल्डिंगवर सही केलेली नाही. गाडीचा ब्रेक निकामी झाला तर भार त्यांच्यावर पडेल. म्हणून “आमची गाडी, आमची मर्जी” हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही. आमच्या मित्रालाही नाही. त्याने ती गाडी अद्याप सार्वजनिक रस्त्यावर काढलेली नाही. ती शेडमध्ये सुरू होते, आवारात फिरते, पुन्हा झाकून ठेवली जाते.

परंतु नुसत्या बंदीने काम थांबत नाही, ते आडोशाला जाते. आडोशाच्या कामात घाई होते, ब्रेक राहून जातो, पेट्रोलची जुनी नळी तशीच राहते. आणि ज्याने ते केले त्याचे नाव कोणास कळत नाही. ब्रिटनमध्ये एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी करून मान्यता देण्याची पद्धत आहे. जर्मनीत असा बदल तज्ज्ञाने तपासून गाडीच्या कागदपत्रांत नोंदविला जातो. आपल्याकडे तपासणाऱ्यांची वाण आहे काय? कोथरूडच्या बाजूला वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन १९६६ पासून उभी आहे. देशभरची वाहने तेथे चाचणीस येतात. मुळशीचा फिटर त्या टेकडीखालून रोज कामावर जात होता. टेकडीवरची विद्या आणि पायथ्याचे कसब यांची भेट का होऊ नये?

आमचे मागणे तीन शब्दांत सांगता येईल : तपासा, नोंदवा, सही घ्या. एकेका गाडीची तपासणी करणारी व्यवस्था असावी, तिची रास्त फी असावी. ब्रेक, आस, इंधनाच्या नळ्या, धूर, या सर्वांची कसोटी लागावी. नापास होईल ती गाडी रस्त्यावर येऊ नये. आणि ज्याने काम केले त्या कारागिराचे नाव कागदावर यावे. पूर्वी मिळविलेल्या कसबाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनेत आहेच. तिचा उपयोग अशा निवृत्त हातांसाठी व्हावा. ज्याचे नाव कागदावर येते, तो काम जपून करतो. सही ही नुसती प्रतिष्ठा नव्हे, ती जबाबदारी आहे. आणि कामगाराला जबाबदारी नको असते हा समज ज्यांचा असेल, त्यांनी एकदा तरी चांगल्या फिटरच्या शेजारी उभे राहून पाहावे.

आपणही यात काही करू शकता. गॅरेजमध्ये गाडी देताना “किती वेगाने पळेल?” हे विचारतो, त्याआधी “थांबेल कशी?” हे विचारावे. मोटार असो, कारखाना असो की धरण असो, नवी शक्ती येत आहे असे कोणी सांगितले, की आनंद जरूर मानावा. मात्र भार कोठे जाणार, हा प्रश्न त्याच सभेत उभे राहून विचारावा.