थंडीतला बुटका पालक
(ग्रामसंघाच्या सभेतलं बोलणं)



थंडी पडली की पालकाची वाढ मंदावते. पानं लहान, जाड, गर्द हिरवी राहतात. बाजारात व्यापारी म्हणतो, "ताई, माल खुरटा आहे," आणि आपण भाव पाडून देतो. पण थंडीनं बुटकी राहिलेली भाजी कसाला कमी नसते.

बघा, पानावर ऊन तर पडतच असतं. थंडीनं पानाचं अन्न बनवायचं काम मात्र हळू होतं. चुलीत जाळ तेवढाच आणि वर भांडं लहान, तसं. उरलेला जाळ पानालाच पोळायला लागतो. मग पान स्वतःच्या बचावासाठी क जीवनसत्त्व आणि तसली इतर द्रव्यं जास्त तयार करतं. त्यांनाच अँटिऑक्सिडंट म्हणतात. पानात साखरही साठते, म्हणून थंडीतला पालक गोडसर लागतो. उत्तर जपानात तर शेतकरी पालक वाढत आला की हरितगृह उघडून त्याला मुद्दाम थंडी देतात. कांजिमे पालक म्हणतात त्याला, आणि तो वेगळा विकतात!

मोहरी-कोबीच्या पानांवर थंडीत जांभळी झाक येते, तीही यातलीच. (स्फुरद कमी पडलं तरी तसं दिसतं, तेव्हा जमीनही बघा.) माठाचं मात्र असं नाही हं. त्याला ऊबच लागते. थंडीत तो नुसताच रोडावतो.

आता आपल्या ताटाचं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे या सतरंजीवरच्या निम्म्या समजा. भाजीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करतं, पण ते पाण्यात उतरतं आणि आचेनं घटतं. म्हणून भाजी आधी धुवा, मग चिरा. शिजवलेलं पाणी ओतू नका. खाली उतरवल्यावर लिंबू पिळा. आणि जेवणावर लगेच चहा नको, त्यानं लोह अडतं. एवढी एक सवय मोडायला आपल्याला जड जाते, माहीत आहे मला.

विकायची भाजी सकाळी लवकर काढून सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवा. कोमेजली की क जीवनसत्त्व भराभर कमी होतं. गिऱ्हाईकानं नाक मुरडलं तर धुतलेलं एक पान चाखायला द्या. आणि घरची जुडी पाटी भरायच्या आधीच बाजूला काढा.