कंस चुकला तर चुकू द्या

डोंबिवलीच्या फलाटावर, ठाण्याच्या तलावपाळीवर किंवा कल्याणच्या एखाद्या वाचनालयात असा संवाद तुमच्या कानावर कधीतरी पडला असेल. एक जण म्हणतो, "आमच्या गावाविषयी विकिपीडियावर चुकीचं लिहिलंय." दुसरा म्हणतो, "मग करा की दुरुस्त. कोणालाही करता येतं ना?" त्यावर पहिल्याचं उत्तर ठरलेलं असतं, "अहो, उघडलं होतं. नुसते कंसच कंस. म्हटलं, आपण हात लावायचा आणि होतं ते बिघडायचं." मग विषय लोकलच्या वेळापत्रकावर जातो, आणि चूक आहे तिथेच राहते.

आज मला या कंसांच्या धास्तीविषयीच बोलायचं आहे. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी. आता तिथल्या लेखांची संख्या लाखाच्या घरात आहे. हे लेख पगारी संपादकांनी लिहिलेले नाहीत. नोकरी, अभ्यास, संसार सांभाळून हौशी माणसांनी ते लिहिले, आणि त्यांतले कितीतरी दोन-चार ओळींवरच थांबले. तिथे चुका उरतात त्या बहुधा कोणाच्या खोडसाळपणामुळे नव्हे. ज्याला खरं माहीत आहे त्याने हात लावला नाही, म्हणून उरतात.

ठाणे जिल्ह्याचंच बघा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. जुन्या जिल्ह्यात पंधरा तालुके होते. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तिकडे गेले. ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, उल्हासनगर आणि अंबरनाथ हे सात इकडे उरले. सरकारी कागदावर हे एका दिवसात झालं. विकिपीडियावर मात्र त्यासाठी गावागणिक लेखाचं पहिलं वाक्य बदलायला हवं, शेजारची माहितीचौकट बदलायला हवी, पानाच्या तळाशी असलेला वर्ग बदलायला हवा. गावं शेकड्यांनी आणि बदलणारे हात मोजके.

कल्याण-डोंबिवलीची गोष्ट याहून गमतीची. महापालिका स्थापन झाली १९८३ साली. आसपासची २७ गावं २००२ साली तिच्यातून बाहेर पडली, २०१५ साली पुन्हा आत आली, आणि त्यांतली काही परत वगळण्याचा वाद पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला. आता यांतल्या एखाद्या गावाच्या लेखात 'हे गाव महापालिकेत आहे' एवढं लिहून भागेल का? कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, हेही सांगावं लागेल. हा तपशील विदर्भात किंवा अमेरिकेत बसून संपादन करणाऱ्या माणसाला कुठून ठाऊक असणार? तो नांदिवलीच्या किंवा सोनारपाड्याच्या माणसाला ठाऊक असतो. आणि तोच कंस बघून मागे फिरतो!

छापील कोशांच्या काळात वाचकाच्या हातात काहीच नव्हतं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. दोन्ही कामं डोंगराएवढी. पण छापून बांधलेल्या खंडातला तालुका दुसऱ्या जिल्ह्यात हलवता येत नाही. वाचकाने फार तर पत्र लिहायचं आणि पुढच्या आवृत्तीची वाट बघायची.

तर आता कंस. आकाशवाणीवर चिन्हं दाखवता येत नाहीत, तेव्हा कानांनीच समजून घेऊ. एखादं नाव दोन-दोन चौकटी कंसांत घातलं, की ते निळं होतं आणि त्या नावाच्या लेखाकडे नेतं. तसा लेखच नसेल तर नाव लाल दिसतं. हा लाल रंग चुकीची खूण नाही, तो लेख अजून कोणी लिहिलेला नाही एवढंच तो सांगतो. ओळीच्या आधी आणि नंतर बरोबरची दोन-दोन चिन्हं दिली की मथळा होतो. शब्दाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हं दिली की तो ठळक होतो. आणि शाळेच्या गणितात भेटलेले महिरपी कंस दोन-दोन आले, की समजायचं हा साचा आहे. गावाच्या लेखात उजवीकडे नकाशा, लोकसंख्या, पिनकोड दाखवणारी जी चौकट असते, ती अशा साच्यातून येते.

बहुतेक अपघात या साच्यांतच होतात. शेवटचा महिरपी कंस मिटायचा राहिला, तर चौकटीतला मजकूर पानभर सांडतो. दुसरा अपघात खास आपला आहे. लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागून घनता काढणारं सूत्र काही साच्यांत असतं. त्या सूत्राला देवनागरी अंक कळत नाहीत. आपण मराठी बाण्याने देवनागरीत आकडा लिहितो आणि चौकटीत लाल अक्षरांत चूक झाल्याचा निरोप झळकतो. आकडा बरोबर, लिहिणारा बरोबर, तरी पान बिघडलेलं! तिसरी गंमत कऱ्हाडची. त्यातला 'ऱ्ह' संगणकात दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी नावं असतात. त्यामुळे लेख असूनही दुवा लाल राहतो. यावर उपाय म्हणजे एका नावावरून दुसऱ्याकडे पुनर्निर्देशन करणं, आणि ते जाणत्या संपादकाचं दोन मिनिटांचं काम आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण असल्या अडचणीत माणूस स्वतःलाच अडाणी समजतो. यात अडाणीपणाचा काही संबंध नाही.

ज्यांना हे सगळं नकोच आहे, त्यांच्यासाठी संपादनाची दुसरी सोयही आहे. तिला यथादृश्य संपादक म्हणतात. त्यात पान जसं दिसतं तसंच लिहिता येतं, कंस दिसतच नाहीत. साधं वाक्य दुरुस्त करायला तो पुरेसा आहे. साचे आणि कोष्टकंही त्यात बदलता येतात, पण ती गुंतागुंतीची असली, की कंसांच्या मूळ मजकुराकडे जावं लागतं.

आता बिघडण्याची भीती. प्रत्येक लेखाच्या माथ्यावर 'इतिहास पहा' असा दुवा असतो. तो उघडला, की त्या लेखाची पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक आवृत्ती दिसते. कोणी, कोणत्या तारखेला, काय बदललं, सगळं. तुमचा बदल फसला, तर आधीची आवृत्ती परत आणता येते, आणि तुम्ही नाही आणलीत तर दुसरं कोणीतरी आणतं. शिवाय प्रकाशित करण्याआधी झलक बघता येते. सरावासाठी धूळपाटी नावाचं पान आहे, तिथे वाटेल ते गिरवा. या सोयी असताना 'बिघडेल' म्हणून थांबणं मला पटत नाही.

तरीही अडलंच, तर विचारायचं कुठे? इथे लोकांची गल्लत होते. ओळखीतला कोणी विकिपीडियावर लिहितो असं कळलं, की त्याला फोन, नाहीतर रात्री निरोप. तो बिचारा एकदा सांगतो, दोनदा सांगतो, पुढे फोन उचलत नाही. आणि त्याने सांगितलेलं उत्तर तिसऱ्या माणसाच्या उपयोगी पडत नाही ते वेगळंच. विचारायच्या जागा विकिपीडियावरच आहेत. एका लेखापुरता प्रश्न असेल, तर त्याच लेखाचं चर्चा पान. कंस, साचे, चित्रं यांची अडचण असेल, तर मदतकेंद्र. धोरणाचा किंवा सगळ्यांशी संबंधित प्रश्न असेल, तर चावडी. गावात वाद घेऊन जिथे जायचं, तेच नाव इथेही ठेवलंय, आणि कधी कधी आवाजही तितकाच चढतो.

विचारण्याचीही एक रीत आहे. 'माझं पान नीट दिसत नाही, कृपया मदत करा' या प्रश्नाला उत्तर येत नाही, कारण उत्तर देणाऱ्याला काही कळतच नाही. पानाचं पूर्ण नाव लिहा. काय करायचं होतं ते लिहा. काय केलंत आणि त्यावर काय दिसलं ते लिहा. लाल अक्षरांत निरोप आला असेल, तर तो जसाच्या तसा उतरवा. शेवटी, कळफलकाच्या डावीकडे वरच्या कोपऱ्यातलं नागमोडी रेघेचं चिन्ह चार वेळा टंका, म्हणजे तुमचं सदस्यनाव आणि वेळ आपोआप उमटते. त्यासाठी खातं काढलेलं बरं. खातं असलं की तुमच्या नावाने लिहिलेला निरोप तुमच्या सदस्य चर्चा पानावर येतो. मात्र तिथे स्वतःचा फोन नंबर किंवा घरचा पत्ता लिहू नका. ज्या इतिहासाचं आत्ता कौतुक केलं, त्यात तोही सगळ्यांना दिसत राहतो. आणि उत्तराला एखादा दिवस, कधी आठवडा लागला, तर रागावू नका. पलीकडे कचेरी नाही. दिवसभराचं काम आटोपून बसलेलं तुमच्याआमच्यासारखं माणूस आहे.

डोंबिवलीत आणखी एक अडचण फार दिसते. इथे संस्था पुष्कळ, त्यांचे सुवर्णमहोत्सव पुष्कळ, आणि म्हणून स्मरणिकाही पुष्कळ. त्यांत मोलाची माहिती असते. पण जुन्या स्मरणिका श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत जुळवलेल्या. तो मजकूर उचलून विकिपीडियावर चिकटवला, की नुसती अगम्य अक्षरं उमटतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि बदलल्यावर जोडाक्षरं एकेक करून तपासावी लागतात. शिवाय छापलेला मजकूर जसाच्या तसा उचलणं प्रताधिकारात बसत नाही. माहिती घ्यावी, वाक्यं आपली लिहावीत, आणि स्मरणिकेचं नाव, वर्ष, पान क्रमांक तळटीपेत द्यावा.

माझ्या मते सगळं अडतं ते या तळटीपेपाशी. तुमचा कंस दुसरा कोणीही मिटवेल. साचा दुसरा कोणीही जोडेल. पण 'हे कशावरून?' याचं उत्तर तो कुठून आणणार? डॉ. आनंदीबाई जोशींचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. काही ठिकाणी जन्मगाव कल्याण लिहिलेलं असतं, काही ठिकाणी पुणे. आपण कल्याणकर अभिमानाने पुणे खोडतो, कोणी पुणेकर तितक्याच अभिमानाने कल्याण खोडतो, आणि इतिहासाच्या पानावर दोघांची खोडाखोड साठत जाते. अशा वेळी मदतकेंद्रातला माणूस काय करणार? तो एवढंच म्हणणार, की पुस्तक दाखवा, पान सांगा, दोन मतं असतील तर दोन्ही आधारांसकट लिहा.

आणि पुस्तकांच्या बाबतीत आपण गरीब नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे त्याच्या संस्थापकांपैकी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तेरावा खंड, १८८२ चा, सगळा ठाणे जिल्ह्यावर आहे. बंदरं, बाजार, तलाव, अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर, अशा विषयांवर लिहिताना गॅझेटियरशिवाय पुढे जाता येत नाही. तिथली जातीजमातींची वर्णनं मात्र साहेबाच्या चष्म्यातून केलेली आहेत. ती आज सरळ उतरवून काढणं गैर आहे.

एक इशारा देऊन ठेवतो. 'तुमचं विकिपीडियावर पान करून देतो, एवढे पैसे पडतील' असं सांगणारे लोक आपल्या शहरांतही फिरतात. निवडणुका जवळ आल्या की जास्त फिरतात. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने ते उघड सांगावं, असा विकिपीडियाचा नियम आहे. ते न सांगता केलेलं, आधार नसलेलं, नुसतं स्तुतीचं पान टिकत नाही. पैसे मात्र गेलेले असतात. मदतकेंद्रात मदत फुकट मिळते, पण ती लेखाला मिळते, जाहिरातीला नाही.

तेव्हा श्रोतेहो, माझी विनंती साधी आहे. आपल्या गावाचं किंवा प्रभागाचं पान उघडा. तालुका आणि जिल्हा बरोबर आहे का, लोकसंख्येसमोर जनगणनेचं वर्ष दिलेलं आहे का, हे बघा. चूक दिसली आणि संपादन जमलं तर उत्तम. नाही जमलं, तर त्या लेखाच्या चर्चा पानावर बरोबर माहिती लिहा, खाली पुस्तकाचं नाव, वर्ष आणि पान क्रमांक द्या, आणि मदतकेंद्रात एक ओळ टाका. कंस बाकीचे लोक बघून घेतील.