परमिट रूममधलं परमिट

वर्ध्यातून बोलतोय. आजचा विषय दारू आहे, तेव्हा घरात स्पीकरवर ऐकत असाल तर आधी इयरफोन शोधा. आईनं फक्त पहिलं वाक्य ऐकलं आणि ती निघून गेली, तर पुढचं समजावून सांगायला मी येणार नाही.

बाहेरच्या मंडळींसाठी आधी थोडा भूगोल. महाराष्ट्रात दोन जिल्ह्यांत दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून, आणि आमच्या वर्ध्यात १९७० च्या दशकापासून, म्हणजे माझ्या जन्माच्याही कितीतरी आधीपासून. कारण उघड आहे. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. बापूंच्या जिल्ह्यात बार कसा चालेल?

पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा वर्ध्याचा आहे म्हटलं की ऑफिसातली पोरं म्हणायची, "अरे, मग तू पीत नसशील!" आणि सुट्टीत वर्ध्याला आलो की इथले पोट्टे म्हणतात, "पुण्याहून आला न बे, मंग बॅगमध्ये काय आणलं?" एकाच माणसाविषयी दोन समजुती. मी दोन्हीकडे चहा पितो.

पण पुण्या-मुंबईच्या लोकांनी आम्हाला फार हसू नये. तुम्ही 'बिअर बार अँड परमिट रूम' अशी पाटी हजार वेळा पाहिली असेल. कधी विचार केलाय का, की त्यातलं परमिट कुठाय? कोणाचं परमिट? तर भाऊ, तुमचं. पिणाऱ्याचं. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. त्याचं आजचं नावसुद्धा 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' असंच आहे. त्यानुसार दारू विकत घ्यायला, जवळ ठेवायला आणि प्यायला परवाना लागतो. विदेशी दारूसाठी एका दिवसाचा परवाना ५ रुपयांना, आयुष्यभराचा १००० रुपयांना. वयाची अटही आहे: बिअर आणि वाइनला २१, बाकी सगळ्याला २५. आता मला सांगा, शनिवारी रात्री कोरेगाव पार्कात बसलेल्या किती जणांच्या पाकिटात ते परमिट असतं?

म्हणजे कायद्याच्या भाषेत पाहिलं तर सगळा महाराष्ट्रच दारूबंदीत आहे. बाकीच्या जिल्ह्यांत सवलत आहे, आमच्याकडे नाही, एवढाच फरक. आणि दारूबंदीच्या कायद्याखाली दारूच्या दुकानांना लायसन्स मिळतं, ते देणारं खातं राज्य उत्पादन शुल्क. हेच खातं तुमच्याकडे दारूतून महसूल गोळा करतं आणि आमच्याकडे तीच दारू पकडतं. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर सत्तर-पंच्याहत्तर वर्षांचा जुना कोड आहे, डिलीट करायची कोणाची हिंमत नाही, म्हणून वरून कॉमेंट टाकत टाकत चाललंय.

डिलीट का करत नाहीत? कारण पैसा. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं मद्यावरचं शुल्क वाढवलं. त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जास्तीचे मिळतील असा सरकारचा अंदाज. दुसरीकडे बहिणींच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये जमा होतात. आता कोणता पैसा कोणत्या योजनेत जातो ते बजेटवाले जाणोत. पण भाऊजींनी बारमध्ये द्यायचे आणि ताईंनी बँकेतून काढायचे, मधे सरकारनं ओवाळणीचं ताट धरायचं, असं चित्र डोळ्यासमोर येतंच की नाही!

मग २०२२ चा जानेवारी आठवा. सरकारनं ठरवलं की हजार चौरस फुटांच्या वरच्या सुपरमार्केटात वाइन विकता येईल. त्यानंतर टीव्हीवर काय चर्चा झाली? व्यसनमुक्ती केंद्रांची नाही, द्राक्षवाल्या शेतकऱ्याच्या हातात नेमके किती पडणार याचीही फारशी नाही. चर्चा झाली ती वाइन ही दारू आहे की नाही, यावर! सत्तेतले म्हणाले, वाइन म्हणजे दारू नव्हे. विरोधातले म्हणाले, महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र केलं. एका चौकटीत अँकर, सहा चौकटींत सहा तोंडं, सगळी एकदम चालू. वाइनमध्ये साधारण १२ टक्के अल्कोहोल असतं, बिअरमध्ये ५ ते ८. हे बाटलीवरच छापलेलं असतं. पण बाटली वाचली असती तर प्राइम टाइम कसा भरला असता?

त्या निर्णयातून दारूबंदीचे जिल्हे वगळले होते. तेव्हा आमच्याकडे टपरीवर एक भौ फार गंभीरपणे विचारत होता, "वाइन दारू नाही म्हन्ते टीव्हीवर. मंग वर्ध्यात काऊन नाही भेटत बाप्पा?" या प्रश्नाचं उत्तर मला आजवर एकाही प्रवक्त्याकडून मिळालेलं नाही.

मूर्खपणाचं श्रेय एकट्या महाराष्ट्राला देणं मात्र अन्याय होईल. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१६ मध्ये सांगितलं की महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको. हेतू चांगला होता, लोक पिऊन गाडी चालवतात, मरतात, मारतात. लगेच काही राज्यांनी काय केलं, तर शहरातून जाणाऱ्या महामार्गांचं नाव बदललं. बार हलवण्यापेक्षा हायवे हलवणं सोपं! केरळात उत्तर परवूरच्या एका बारवाल्यानं तर दारापुढं भूलभुलैया बांधला. सरळ गेलं तर अंतर कमी भरत होतं, म्हणून गिऱ्हाईक वळणं घेत घेत आत जाणार. पाहुण्याला शुद्धीत आत जाता येतंय का हे तपासायची सोय झाली म्हणा. बाहेर कसा येत असेल, देव जाणे.

आता परत घरी येऊ. वर्ध्यात दारू मिळते का? हा प्रश्न विचारणारा माणूस बाहेरचा आहे, हे लगेच कळतं. वर्धा नदीच्या पलीकडे अमरावती आणि यवतमाळ, इकडे नागपूर. ज्याच्याकडे कार आहे तो हद्द ओलांडतो, बसतो, पितो आणि रात्री तीच कार चालवत परत येतो. ज्याच्याकडे कार नाही त्याच्यासाठी गावातच मोहाची. आणि ती कशापासून गाळली, किती गाळली, त्यात काय मिसळलं, याला ना लेबल ना बॅच नंबर.

मग पेपरात बातमी येते. तुम्ही वर्ध्याचे असाल तर हिचा साचा तुम्हाला पाठ असेल: 'वॉश आउट मोहीम, मोहा सडवा नष्ट, अमुक लाखांचा मुद्देमाल जप्त.' खाली फोटो: ओळीनं प्लास्टिकचे ड्रम, हातात काठ्या, मागं झुडपं. मला एकच शंका आहे. ड्रममध्ये सडत घातलेल्या मोहफुलांचा भाव लाखांत काढतो कोण? त्याचा काही बाजारभाव निघतो का? कापसाला भाव मिळत नाही म्हणून शेतकरी ओरडतोय आणि इथं नासक्या पाण्याला हमीभाव! बातमी देणारा आकडा जसाच्या तसा छापतो, आपण स्टेटसला ठेवतो, आणि ड्रम पुन्हा भरायला लागतात.

शेजारच्या चंद्रपूरची गोष्ट यापेक्षा कडू आहे. डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गारच्या नेतृत्वाखाली तिथल्या बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत पायी आल्या. थंडीत, शेकडोंच्या संख्येनं. मागणी एकच, दारू बंद करा. १ एप्रिल २०१५ पासून बंद झाली. तारखेवर मी काही बोलत नाही. मे २०२१ मध्ये दुसऱ्या सरकारनं बंदी उठवली. कारण दिलं की अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले. वाढले असतीलही. पण हे म्हणजे अँटिव्हायरस अपडेट करायचा नाही, व्हायरस शिरला की म्हणायचं, पाहा, अँटिव्हायरस कामाचा नाही, काढून टाका.

'बंदीमुळेच विषारी दारू येते' हे वाक्यसुद्धा मला अर्धवट वाटतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. तिथं कुठं बंदी होती? स्वस्तातली दारू पिणारा गरीब माणूस बंदीच्या जिल्ह्यातही मरतो आणि बिनबंदीच्या शहरातही. आणि टीव्हीवरची चर्चा पुन्हा बंदी हवी की नको इथंच येऊन थांबते.

आता ज्यासाठी हा भाग केला ते सांगतो. राज्यात जिथं दुकानं आहेत तिथं बायकांना ती बंद करायचा एक मार्ग आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं. चिन्हं दोनच: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. ऐकायला भारी वाटतं. पण अट अशी आहे की आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडली पाहिजेत. झालेल्या मतदानाच्या नाही, यादीतल्या एकूण! म्हणजे यादीत हजार नावं असतील, ६०० बाया आल्या आणि त्यातल्या ४९० जणींनी बाटली आडवी केली, तरी दुकान चालूच. जी सोयाबीन काढायला गेली, जी बाळंतपणाला माहेरी गेली, जिला नवऱ्यानं घरातून निघूच दिलं नाही, त्या सगळ्यांची मतं आपोआप उभ्या बाटलीला. आमदार निवडून यायला हीच अट लावली, तर विधानसभेत किती खुर्च्या भरतील ते तुम्हीच मोजा. पंख्याचं बिल तरी वाचेल.

आणि वर्ध्यातल्या बाईला तर हेही मतदान नाही. आडवी करायला उभी बाटलीच नाही ना! लायसन्सचं दुकान असतं तर सह्या गोळा केल्या असत्या, मोर्चा नेला असता. इथं नवरा रात्री झिंगून घरी येतो, पगार संपलेला असतो, आणि तिला तक्रार लिहायची असते एका अशा दुकानाविरुद्ध, जे सरकारी कागदावर पन्नासेक वर्षांपासून बंद आहे.

चला, आज एवढंच. तुमच्या गावात आडव्या बाटलीचं मतदान झालं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, नाव सांगायची गरज नाही. आणि हो, परमिट असेल तर त्याचा फोटो नक्की पाठवा. मला एकदा प्रत्यक्ष पाहायचंय.